व्याख्यान आणि मतदारयादी

लोकशाहीपुढील आव्हानें, मतदारांची उदासीनता, नागरिकांचीं कर्तव्यें असल्या विषयांवर विद्यापीठांच्या विद्यमानें जाहीर व्याख्यानें होतात, त्यांच्यामागें महाराष्ट्रांत जुनी परंपरा आहे. न्यायमूर्ति रानडे ह्यांनीं 1875 सालीं पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, तेव्हां मताचा अधिकार सामान्य माणसाच्या स्वप्नांतहि नव्हता. तरी माणसें ऐकावयास जमत. पुढें विद्यापीठांनीं बहिःशाल शिक्षणाची शाखा काढली. पुणें विद्यापीठाची जयकर व्याख्यानमाला गांवोगांव जाते. मुंबई विद्यापीठाचाहि असा विभाग आहे. विद्येनें भिंतींबाहेर पडावें हा हेतु उत्तमच. प्रश्न एवढाच कीं, लोकशाहीवरील व्याख्यान कोणापुढें व्हावें आणि त्यांत काय सांगावें?

ह्याच्या विचारासाठीं आम्ही कासू हें गांव घेतों. पनवेलहून रोह्यास जाणाऱ्या आगगाडीनें पेण सोडलें कीं पुढचें स्टेशन कासू. मग नागोठणें आणि रोहें. भातखाचरांचा, खाडीचा, आणि डोंगरांच्या कुशींतील कातकरीवाड्यांचा हा टापू. येथल्या माणसांस राजकारण समजावून सांगावें लागतें असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं जुन्या कुलाबा मतदारसंघाचा इतिहास पाहावा. 1952 सालीं ह्या मतदारसंघानें काँग्रेसचे चिंतामणराव देशमुख ह्यांस लोकसभेवर पाठविलें. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि देशाचे अर्थमंत्री असा त्यांचा लौकिक; शिवाय बालपण रोह्यास गेलेलें, म्हणजे घरचेच. मुंबईच्या प्रश्नावर 1956 सालीं त्यांनीं मंत्रिपद सोडलें. 1957 च्या निवडणुकींत त्याच मतदारसंघानें काँग्रेसला बाजूस सारून शेतकरी कामगार पक्षाचे राजाराम राऊत ह्यांस निवडून दिलें. पांच वर्षांत मत फिरलें, कारण प्रश्न डोळ्यांपुढें होता. त्यासाठीं कोणा प्राध्यापकाची वाट पाहावी लागली नाहीं.

1952 च्या त्याच निवडणुकींत डॉ. आंबेडकर मुंबईंत पराभूत झाले. घटनेच्या मसुदा समितीच्या अध्यक्षांस त्याच घटनेनें दिलेल्या मतांनीं हरविलें! दुसरा एखादा रुसून बसला असता. परंतु त्याच वर्षीं 22 डिसेंबर रोजीं पुण्याच्या डिस्ट्रिक्ट लॉ लायब्ररीच्या सभासदांपुढें त्यांनीं व्याख्यान दिलें, तें लोकशाही यशस्वी होण्यास अगोदर काय काय असावें लागतें ह्याच विषयावर. विरोधी पक्ष हवा, कायदा व कारभार ह्यांत समता हवी, घटनात्मक नीतीचें पालन हवें, बहुमतानें अल्पमतास चिरडूं नये, समाजांत नीतीची चाड आणि अन्यायाची चीड असावी, असें त्यांनीं सांगितलें. पण ह्या सर्वांच्या आधीं त्यांनीं ठेविलें तें हें कीं, समाजांत ढळढळीत विषमता नसावी. आजचे व्याख्याते उरलेल्या मुद्द्यांवर तासन् तास बोलतात. ह्या पहिल्याशीं मात्र फारसे थांबत नाहींत.

तो पहिला मुद्दा कासूच्या आसपास कसा भेटतो पाहा. पावसाळी कामें संपलीं कीं कातकरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर व कोळशाच्या कामावर दूरदूर जातात आणि पावसाच्या तोंडाशीं परततात. लोकसभेचें मतदान येतें तें बहुधा एप्रिल-मे महिन्यांत. नांव वाडीच्या यादींत, आणि माणूस भट्टीवर! सैनिकास टपालानें मत देतां येतें; वीट थापणाऱ्यास नाहीं. गांव सोडून गेलेल्यांसाठीं निवडणूक आयोगानें दूरस्थ मतदानाचें एक यंत्र 2023 च्या जानेवारींत राजकीय पक्षांपुढें ठेविलें होतें. परंतु आक्षेप निघाले आणि गोष्ट तेथेंच थांबली.

आतां दुसरी बाजू. 2024 च्या लोकसभा निवडणुकींत रायगड मतदारसंघांत सुमारें 60 टक्के मतदान झालें, गडचिरोली-चिमूरसारख्या रानावनाच्या मुलखांत सुमारें 72 टक्के, आणि दक्षिण मुंबई व कल्याण येथें 50 टक्क्यांच्या आसपास. मुंबईचें मतदान 20 मे रोजीं, सोमवारीं होतें. शनिवार-रविवारास लागून आलेली सुट्टी कोणी कशी घालविली, हें वाचकांनीं आपापल्या घरीं विचारावें. भट्टीवरच्या बाईला आणि थंड हवेच्या ठिकाणीं गेलेल्या गृहस्थांना ‘उदासीन मतदार’ ह्या एकाच नांवानें संबोधणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. एकीचें मत परिस्थितीनें हिरावून घेतलें आहे. दुसऱ्यानें तें आपण होऊन टाकून दिलें आहे.

सुशिक्षित घरांतून आणखी एक दोष आढळतो. बिऱ्हाड डोंबिवलीस, नांव अद्याप कोंकणांतल्या गांवच्या यादींत, आणि मतदानास गांवीं जावयाचें तर रजा नाहीं. सून घरांत येते, तिचें नांव रेशनकार्डावर चढतें. मतदारयादींत मात्र तें वर्षानुवर्षें माहेरींच राहतें. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळीं मुख्यतः उत्तरेकडील प्रांतांत सुमारें 28 लाख स्त्रियांचीं नांवें यादींतून गाळावीं लागलीं, कारण त्यांनीं ‘अमक्याची आई, तमक्याची बायको’ एवढेंच सांगितलें होतें. त्या निरक्षर होत्या, असें आपण म्हणतों. पदवीधर सुनेचें नांव यादींत नसेल तर त्यास काय म्हणावें? पत्ता बदलण्यास नमुना 8 आणि नव्या नोंदणीस नमुना 6 भरावा लागतो. वयाचीं अठरा वर्षें मोजण्यास आतां वर्षांतून चार तारखा आहेत: जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर ह्या महिन्यांची पहिली.

म्हणून आमची सूचना अशी. विद्यापीठाचें व्याख्यान कासूस न्यावयाचें तर तें हिवाळ्यांतील संमेलनाच्या दिवसांत नेऊं नये. तेव्हां वाड्या ओस पडलेल्या असतात. भाताची लावणी आटोपल्यावर, श्रावणाच्या सुमारास, माणसें घरीं असतांना न्यावें. व्याख्यात्यानें अर्धा तास बोलावें. नंतर गांवची आणि वाडीची मतदारयादी मोठ्यानें वाचावी. कोणाचें नांव गळलें आहे, कोणाचें चुकीचें छापलें आहे, कोण वारलें, कोण सासरीं गेली, हें जमलेल्या मंडळींनींच सांगावें, आणि विद्यार्थ्यांनीं तेथल्या तेथें नमुने भरून घ्यावेत. हाच कार्यक्रम पुढच्या रविवारीं दादर-डोंबिवलीच्या एखाद्या गृहसंस्थेंत करावा. तेथें यादी वाचावयास वेळ अधिक लागेल असा आमचा अंदाज आहे.