टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक? मातीतल्या बाइकचा खरा हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय, फक्त अडखळणं तेवढं काढलंय.)

आज सुरुवात एका श्रोत्याच्या मेसेजने करतो. हे गृहस्थ शिकागोजवळ राहतात. लिहितात, "माझी मुलगी सोळा वर्षांची आहे, तिला मोटोक्रॉस शिकायचंय. दुकानदार म्हणतो, रेसची 250 फोर-स्ट्रोक घ्या, सगळे तीच घेतात. तुम्ही सारखं टू-स्ट्रोकचं कौतुक करता. जुन्या आठवणी बाजूला ठेवून सांगा, काय घेऊ?"

बरोबर पकडलं त्यांनी मला! कारण माझ्याकडे आठवणी भरपूर आहेत. मी वाढलो चिंचवडला. घरी बाबांची बजाज सुपर होती. सकाळी तिला एका बाजूला कलती करायची, मग किक. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मोजून घ्यायचं. तो निळसर धूर आणि तो वास नाकात बसलाय तो बसलाच. पण प्रश्न सोळा वर्षांच्या मुलीचा आणि तिच्या आईवडिलांच्या खिशाचा आहे. तेव्हा वास बाजूला ठेवू आणि इंजिन उघडू.

फोर-स्ट्रोक इंजिनात चार कामं चार वेगळ्या फेऱ्यांत होतात. हवा-पेट्रोल आत घेणं, दाबणं, जाळणं आणि धूर बाहेर टाकणं. पिस्टन दोनदा वर, दोनदा खाली. म्हणजे क्रँक दोनदा फिरला की एकदा स्फोट. आत-बाहेरची दारं उघडायला व्हॉल्व्ह, ते ढकलायला कॅमशाफ्ट, तो फिरवायला चेन.

टू-स्ट्रोकमध्ये यातलं काहीच नाही. सिलिंडरच्या भिंतीला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. पिस्टन वर-खाली होताना स्वतःच ती उघडतो आणि झाकतो. पिस्टन वर जाताना खाली क्रँककेसमध्ये ताजं मिश्रण ओढलं जातं, खाली येताना तेच वर ढकललं जातं. क्रँकच्या प्रत्येक फेरीला एक स्फोट. म्हणजे त्याच आकाराच्या इंजिनातून दुप्पट ठोके. दुप्पट ताकद मिळत नाही, पण बरीच जास्त मिळते, तीही कमी वजनात.

आणि तो पोट सुटल्यासारखा दिसणारा पाइप? तो शोभेचा नाही. एक्झॉस्टमधून निघालेली दाबाची लाट त्या पाइपाच्या निमुळत्या टोकावर आपटून परत येते आणि निसटू पाहणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. ठरावीक वेगाला ही लाट अगदी वेळेवर पोचते आणि बाइक एकदम झेप घेते. टू-स्ट्रोकवाले जिच्यासाठी जीव टाकतात ती किक हीच.

मग एवढं सगळं असताना टू-स्ट्रोक मागे का पडली? इथे लोक म्हणतात, फोर-स्ट्रोक जास्त चांगली निघाली म्हणून. हे अर्धंच खरं आहे.

1997 सालची गोष्ट. लास व्हेगासला अमेरिकन सुपरक्रॉसच्या हंगामाची शेवटची रेस होती. डग हेन्री नावाचा रायडर यामाहाची प्रायोगिक 400 सीसी फोर-स्ट्रोक घेऊन उतरला आणि जिंकला. 1998 ला तीच बाइक वायझेड 400 एफ या नावाने दुकानात आली आणि त्याच वर्षी हेन्रीने तिच्यावर 250 वर्गाची राष्ट्रीय मोटोक्रॉस स्पर्धा जिंकली.

आता नीट ऐका. वर्ग 250 चा आणि बाइक 400 ची! नियमच तसा होता. फोर-स्ट्रोकला जास्त सीसीची सूट होती, कारण तोवर ती जड आणि मंद समजली जायची. नंतर धाकट्या वर्गातही तेच झालं. 125 टू-स्ट्रोकसमोर 250 फोर-स्ट्रोक, म्हणजे बरोबर दुप्पट. पैलवानांच्या वजनी गटात एकाला दुप्पट वजनाची परवानगी दिली, तर निकाल काय लागणार? त्यात रस्त्यावरच्या वाहनांसाठी धुराचे कायदे कडक झालेले, त्यामुळे कंपन्यांचा संशोधनाचा पैसाही फोर-स्ट्रोककडे वळला. होंडाने 2007 च्या मॉडेलनंतर आपली सीआर मालिका बंद केली.

अर्थात, फोर-स्ट्रोकचे गुण खरे आहेत. तिची ताकद एकसारखी येते, वळणातून निघताना मागचं चाक माती धरून राहतं, ऑइल मिसळायची कटकट नाही, आणि धूर खूपच कमी. कार्बोरेटरवाल्या जुन्या टू-स्ट्रोकमध्ये पाव ते एक तृतीयांश पेट्रोल न जळताच बाहेर पडू शकतं. आपल्या शहरांतून ती इंजिनं गेली ते बरंच झालं. बाबांच्या सुपरवर माझं कितीही प्रेम असलं तरी हे मान्य करतो.

पण रेसची फोर-स्ट्रोक सांभाळायची म्हणजे काय, ते मी स्वतःच्या खिशातून शिकलोय. मिशिगनला आल्यावर मी जुनी 250 फोर-स्ट्रोक घेतली, चार हजार डॉलरला. कंपनीचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. ही इंजिनं मिनिटाला बारा हजारांवर फेऱ्या मारतात. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला शंभरदा उघडतो-मिटतो. टॅपेटचं अंतर ठरावीक तासांनी तपासावंच लागतं. माझी बाइक गरम असताना सुरू व्हायला त्रास देऊ लागली. व्हॉल्व्ह झिजल्याचं ते लक्षण होतं. मी म्हटलं, हा हंगाम काढू. ऑगस्टमध्ये भर वेगात एका व्हॉल्व्हची टोपी तुटली आणि पिस्टनवर पडली. हेड, पिस्टन, सिलिंडर, सगळं गेलं. बिल आलं सव्वीसशे डॉलर! बायकोला आकडा सांगायला मला दोन दिवस लागले.

त्यानंतर मी जुनी वायझेड 250 टू-स्ट्रोक घेतली. पिस्टन तिलाही बदलावा लागतो, आणि रेसमध्ये जोरात चालवली तर बऱ्याच वेळा. पण पिस्टन, रिंग, पिन, बेअरिंग आणि गॅस्केट मिळून दोनशे डॉलरच्या आत काम झालं. पहिल्यांदा केलं तेव्हा शनिवारची अख्खी दुपार गेली. एकीकडे मॅन्युअल उघडं, दुसरीकडे चहा. व्हॉल्व्ह नाहीत, त्यामुळे चेन आणि कॅमचं टायमिंग जुळवायची भानगड नाही. नवी घ्यायची म्हटली तरी ती कंपनीच्याच 450 फोर-स्ट्रोकपेक्षा जवळपास दोन हजार डॉलरने स्वस्त पडते.

आता आवाजाबद्दल. या विषयावर मला राग येतो, थोडा स्वतःवरही. आमच्या गावाबाहेर शेतात एक सरावाचा ट्रॅक होता. शेजाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या आणि दोन वर्षांपूर्वी तो बंद पडला. शेवटच्या महिन्यात एकदा मी मुद्दाम अर्धा मैल लांब, रस्त्याकडेला गाडी लावून बसलो. टू-स्ट्रोकचा आवाज किनरा असतो. जवळून कानाला बोचतो, पण असा आवाज हवेत आणि झाडीत लवकर विरतो. मला तो मच्छरासारखा ऐकू येत होता, कधी येतही नव्हता. 450 चा जाड, खालच्या पट्टीतला धडधडाट मात्र गाडीची काच बंद असतानाही छातीत जाणवत होता. जाड आवाज लांब जातो, भिंतीतूनही जातो. रविवारी सकाळी हे रोज ऐकणाऱ्या आजीबाईंना मी कुठल्या तोंडाने दोष देऊ? त्यात आपल्यातलेच बरेच जण मूळ सायलेन्सर काढून मोकळे पाइप लावतात. ट्रॅक शेजाऱ्यांनी नाही, आपण बंद पाडला.

टू-स्ट्रोक संपली मात्र नाही. ऑस्ट्रियातल्या एर्झबर्ग रोडिओसारख्या हार्ड एंड्युरो स्पर्धांत, जिथे दगडांच्या ढिगावर बाइक अक्षरशः खांद्याने ढकलावी लागते, तिथे 300 सीसी टू-स्ट्रोकचंच राज्य आहे. केटीएमने 2018 च्या मॉडेलपासून तिला फ्युएल इंजेक्शन दिलं. पेट्रोल थेट ट्रान्सफर पोर्टमध्ये मोजून फवारायचं, म्हणजे वाया कमी जातं आणि धूरही घटतो. आणि गंमत बघा. केटीएमने 2024 मध्ये भारतात मातीतल्या बाइक आणल्या, त्यात मोठ्यांसाठी फोर-स्ट्रोक आणि लहान मुलांसाठी 50, 65, 85 सीसी टू-स्ट्रोक! हलकी आणि साधी बाइक हवी असली की आजही हेच इंजिन आठवतं.

तर दादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. मुलीने आजवर गिअरची बाइक चालवलीच नसेल, तर आधी साधी एअर-कूल्ड 125 फोर-स्ट्रोक ट्रेल बाइक घ्या. ती शांत आहे, स्वस्त आहे आणि वर्षानुवर्षं टिकते. माझं भांडण तिच्याशी नाहीच, रेसच्या महागड्या इंजिनाशी आहे. मुलगी तयार झाली आणि रेस करावीशी वाटली, की जुनी 125 टू-स्ट्रोक घ्या. किक नेमकी कुठे येते ते ओळखून गिअर टाकायला ती तिला शिकवेल. आळशीपणा ती बाइक खपवून घेत नाही.

हेल्मेट, छातीचं कवच आणि बूट यांचे पैसे मात्र बाइकच्या आधी बाजूला काढा.

आणि पहिला पिस्टन बदलायची वेळ आली की मेकॅनिककडे धावू नका. मॅन्युअल, टॉर्क रेंच आणि मुलीला घेऊन गॅरेजमध्ये बसा. स्वतःची बाइक स्वतः उघडता येणं, हे मला सव्वीसशे डॉलर मोजून समजलं. तिला ते एका दुपारी समजेल.

ऑइलचं प्रमाण मॅन्युअलमध्ये बघूनच मिसळा. चाळीसास एक लिहिलं असेल, तर दहा लिटरला अडीचशे मिली. बाबांच्या वेळच्या पंपावरच्या अंदाजाने नको! भेटू पुढच्या भागात.