चार्जिंगचा पंखा आणि घाम

वैशाखात देवणीस वीज गेली म्हणजे आमच्या मेजावरील उत्तरपत्रिकांवर घामाचे थेंब पडू लागतात. म्हणून गेल्या उन्हाळ्यात आम्ही मुठीएवढा चार्जिंगचा पंखा घेतला. तो गार वारा देतो, असे पुष्कळांस वाटते. परंतु पंखा हवा थंड करीत नाही, केवळ हालवितो. थंडावा देतो तो घाम! एक ग्रॅम घाम वाळताना जितकी उष्णता घेतो, तितकीने सात ग्रॅम बर्फ वितळेल. वाऱ्याने हे वाळणे त्वरेने होते. आजीचा विंझणाही हेच करी. फक्त हात दुखे.

पंख्याच्या पोटात लिथियमचा विद्युत्घट असतो. तो 3.7 व्होल्ट व 2000 मिलिॲम्पिअर-तासांचा असल्यास, अडीच वॅट खाणारा पंखा फार तर तीन तास चालेल. घट उन्हात ठेवू नये.

आता आमची फजिती सांगतो. एके दुपारी अंग कोरडे पाहून आम्हांस पाण्याचे भानच राहिले नाही, आणि चारच्या सुमारास डोके गरगरू लागले. घाम थांबला नव्हता. येताच उडून जात होता. शिवाय त्वचेचे उष्णमान सुमारे 35 अंश असते. त्याहून तप्त वारा उलट अंगास उष्णता देतो. पारा 40 च्या वर गेल्यावर पंख्यावर विसंबू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. अशा वेळी आम्ही पंखा बंद करून मानेवर ओले फडके घेतो. तांब्या तर नेहमीच शेजारी असतो. तो रिकामा झाल्याविना उत्तरपत्रिकांचा दुसरा गठ्ठा आम्ही सोडीत नाही.