परमँगनेटच्या रंगाचा हिशेब

पटकीच्या साथीत गावच्या विहिरीत पोटॅशियम परमँगनेटचे काळसर स्फटिक पडताना ज्यांनी पाहिले असतील, त्यांना हेही आठवेल की पाणी प्रथम जांभळे होई आणि पुढे तो रंग ओसरून त्यास मळकट तपकिरी छटा येई. पाण्यातील सेंद्रिय घाणीशी गाठ पडल्यावर मँगनीज या धातूच्या खात्यातील बाकी बदलते, तिची ही खूण. आणि ही बाकी ज्या आकड्याने मांडतात, त्यास ऑक्सिडीकरण अंक म्हणतात.

संयुगातील परमाणूंना बांधणारे भागीदारीतले इलेक्ट्रॉन, ज्याची ओढ अधिक त्याच्याच मालकीचे आहेत असे घटकाभर गृहीत धरले, तर प्रत्येक परमाणूवर जो विद्युत्भार येईल, तोच हा अंक होय. सुट्या मूलद्रव्याचा अंक शून्य. ऑक्सिजनचा बहुधा उणे 2, हायड्रोजन पेरॉक्साइडात मात्र उणे 1. पोटॅशियमचा संयुगात अधिक 1. आणि विद्युत्भाररहित संयुगातील सर्व अंकांची बेरीज शून्य. परमँगनेटात चार ऑक्सिजनांचे उणे 8 आणि पोटॅशियमचा अधिक 1 मांडल्यावर ताळा जुळण्यास मँगनीजच्या नावे अधिक 7 येतात. त्याचे सात इलेक्ट्रॉन खरोखरच निघून गेले, असा मात्र याचा अर्थ करू नये. हिशेबाच्या सोयीलाच वस्तुस्थिती मानल्याने पुष्कळ विद्यार्थ्यांचा घोटाळा होतो. विहिरीत मँगनीज तीन इलेक्ट्रॉन घेऊन 4 वर येते, आणि त्याचे तपकिरी डायऑक्साइड तळाशी बसते.

या अंकाची खरी मातब्बरी प्रयोगशाळेत कळते. गंधकाम्ल घातलेला ऑक्झॅलिक अम्लाचा विद्राव सुमारे 60 अंश सेल्सियसपर्यंत तापवून त्यात ब्युरेटमधून परमँगनेट सोडावे. पहिल्या थेंबाचा रंग रेंगाळतो; पण त्यातून निपजलेले मँगनीजच पुढच्या क्रियेस वेग देत असल्याने नंतरचे थेंब पडताक्षणी विरतात. येथे मँगनीज 7 वरून थेट 2 वर उतरते, म्हणजे पाच इलेक्ट्रॉन घेते. अम्लाच्या रेणूतील दोन कार्बन 3 वरून 4 वर चढतात, म्हणजे मिळून दोन देतात. तेव्हा दोन परमँगनेटांस पाच अम्लरेणू लागतात, आणि दहाची जमा दहाच्या खर्चाशी मिळते. समीकरण अंदाजाने जुळवीत बसणाऱ्यास जे तासभर साधत नाही, ते एवढ्या बेरजेने साधते. अखेर अम्ल संपते, पुढल्या थेंबास इलेक्ट्रॉन देणारे कोणी उरत नाही, आणि फिकट गुलाबी छटा अर्धा मिनिट टिकून राहते. ब्युरेटवरील आकडा तेव्हाच टिपून घ्यावा.