बायपासनंतर पडून राहणं महागात पडतं

बायपास म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया, तेव्हा पेशंटने हृदय जपत पडून राहावं, हे घरातल्यांना कुणी न सांगताच पटलेलं असतं. एकेकाळी डॉक्टरांनाही ते असंच पटलं होतं. हृदयविकाराचा झटका आलेल्याला सहा-सहा आठवडे खाटेवरून हलू द्यायचं नाही, अशी शिस्त होती. १९५२ साली बॉस्टनच्या सॅम्युएल लेव्हाइन आणि बर्नार्ड लाउन यांनी अशा रुग्णांना लवकर आरामखुर्चीत बसवण्याचा उपचार मांडला, तेव्हा अनेकांना तो अविचार वाटला. पुढे १९६६ मध्ये डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं, तर त्यांची ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता पाव हिश्शाहून जास्त घसरली. तीस वर्षांनी त्याच पाचजणांना तपासल्यावर दिसलं, की मध्ये वाढलेल्या वयानेही एवढं नुकसान केलं नव्हतं. विशीतल्यांची ही गत, तर साठीतल्या, मधुमेह असलेल्या, छाती उघडून शिवलेल्या माणसाची काय होणार? रेने फावालोरो यांनी क्लीव्हलँडला पायाची शीर वापरून बायपास केली ती १९६७ मध्ये, म्हणजे सक्तीच्या विश्रांतीवरचा विश्वास ढासळत असतानाच. शस्त्रक्रिया आपण उचलली, अंथरूण मात्र जुनंच ठेवलं.

पहिल्या आठवड्यात हृदयाइतकंच फुप्फुसांकडे बघावं लागतं. भूल, हार्ट-लंग मशीन, छातीतल्या नळ्या आणि वर दुखणं, यांमुळे पेशंट वरवरचा श्वास घेतो आणि खोकला दाबून ठेवतो. फुप्फुसाचा तळाचा भाग, बहुधा डावीकडचा, मिटतो. तिथे कफ साचला की न्यूमोनियाला आयतं घर मिळतं. म्हणून फिजिओथेरपिस्ट घडी घातलेला टॉवेल किंवा उशी छातीशी घट्ट आवळून धरायला लावतात, खोल श्वास घ्यायला सांगतात, तो क्षणभर रोखायला लावतात आणि मग म्हणतात, "आता खोका." स्वीडनमधल्या एका अभ्यासात रुग्णांनी पहिले चार दिवस, जागेपणी दर तासाला तीस खोल श्वास घेतले, उच्छ्वासाला किंचित अडथळा करणारं साधं साधन त्यांच्या तोंडाशी होतं. चौथ्या दिवशीच्या सीटी स्कॅनमध्ये त्यांच्या फुप्फुसाचा मिटलेला भाग इतरांपेक्षा कमी भरला.

आता ते श्वास आत ओढून गोळ्या वर उचलायचं तीन गोळ्यांचं यंत्र, ज्याचं नातेवाइकांना भारी कौतुक. तिसरी गोळी वर गेली की मोहीम फत्ते! पण बायपासनंतरच्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन आढाव्याला हे यंत्र श्वसनाच्या इतर उपायांपेक्षा सरस असल्याचा पुरावा सापडला नाही. ते फेकून द्यावं असं नाही. गोळ्या उचलून पुन्हा आडवं होण्यात मात्र अर्थ नाही. माणूस ताठ बसला, उभा राहिला, की श्वासपटल खाली सरकतं आणि फुप्फुसाला जागा मिळते. म्हणून प्रकृती स्थिर असेल तर पहिल्या-दुसऱ्या दिवशीच खाटेच्या कडेला पाय सोडून बसणं, खुर्ची, मग वॉर्डातल्या फेऱ्या आणि घरी जाण्याआधी जिना, असा क्रम लावतात. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, हे माप घरीही चालतं. छातीत दुखलं, गरगरलं, नाडी वेडीवाकडी झाली तर तिथेच थांबायचं.

सगळ्यात मोठी धास्ती हाडाची: तारेने बांधलेलं छातीचं हाड सुटलं तर? धास्ती अगदीच खोटी नाही. हाड सांधायला दोन-तीन महिने लागतात आणि मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान यांनी धोका वाढतो. पण चालण्याने हाडावर फारसा ताण येत नाही, जोरदार खोकल्याने किंवा शिंकेने तो कितीतरी जास्त येतो. जड उचलणं, हातांवर भार देऊन उठणं टाळायचं. पाय बांधून ठेवायचं कारण नाही. हाडात कट् असा आवाज आला किंवा जखमेतून पाणी झिरपलं, तर मात्र सर्जनला गाठायचं. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: या हालचालीने आयुष्य वाढतं का? व्यायामावर आधारलेल्या हृदय-पुनर्वसनाच्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि रुग्णालयात पुन्हा दाखल होणं कमी झालेलं दिसलं, एकूण मृत्यूंमध्ये ठळक फरक दिसला नाही. तोही हिशेब मुख्यतः नंतरच्या महिन्यांचा आहे. पहिल्या आठवड्यातल्या हालचालीकडून आयुर्मानाची हमी मागणंच चुकीचं. ताकद टिकणं आणि छाती स्वच्छ राहणं हेच तिचं काम.

माझ्या मते आपण उशीर करतो तो शस्त्रक्रियेच्या आधी. नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथे फुप्फुसाचा धोका जास्त असलेल्या २७९ रुग्णांची चाचणी झाली. ज्यांनी बायपासच्या आधी किमान दोन आठवडे श्वास आत ओढणाऱ्या स्नायूंचा रोज वीस मिनिटं व्यायाम केला, त्यांच्यात न्यूमोनिया ६.५ टक्क्यांना झाला, बाकीच्यांत १६.१ टक्क्यांना. आपल्याकडे तातडीची नसलेली बायपास तारीख, पैशांची जुळवाजुळव आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी यांत अडकते. कागदपत्रांची फाइल ज्या दिवशी तयार होते, त्याच दिवशी पेशंटला फिजिओथेरपिस्टकडे पाठवता येईल.