कापसाचा सौदा आणि त्यामागील व्यवस्था

कापूस कसा पिकवावा हें परभणी जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंस सांगण्याची आवश्यकता नाहीं. परंतु तो गाडींतून उतरल्यापासून त्याची गांठ बांधली जाईपर्यंत किती सौदे होतात व प्रत्येक सौदा कोणत्या नियमानें चालतो, याचा विचार आपण क्वचितच करितों. मानवत, सेलू किंवा परभणीच्या बाजारांत एकाच दिवशीं, एकाच शिवारांतील दोन गाड्यांस निरनिराळा भाव मिळतो. यास नशीब म्हणून स्वस्थ बसणें योग्य नव्हे.

प्रथम मालाचा स्वभाव पाहूं. एक क्विंटल कापसाची सरकी काढली असतां सुमारें ३३ ते ३६ किलो रुई निघते. म्हणजे १७० किलोंच्या एका गांठीस सुमारें पांच क्विंटल कापूस लागतो. खरेदीदारास खरें मोल रुईचा उतारा, धाग्याची लांबी व ओलावा यांवरून ठरवावयाचें असतें. पण उतारा तर जिनांत गेल्यावरच कळतो. गाडीपाशीं तो मूठभर कापूस हातीं घेऊन केवळ अंदाज बांधतो. पाणी मारलें असेल, खालीं कवडी दडविली असेल, ही धास्ती त्याच्या मनांत असते व तेवढी रक्कम तो भावांतून वजा करितो. अशा रीतीनें एकाच्या लबाडीचा दंड दहा प्रामाणिक शेतकरी भरतात. उलट, काटा, हमाली व तोलाई यांविषयींचा संशय शेतकऱ्याच्या मनांत असतो. परस्परांच्या या अविश्वासाचा खर्च कोणत्याही वहींत लिहिलेला नसतो. तथापि तो उभयतांस सोसावा लागतो.

इ. स. १९३७ मध्यें रोनाल्ड कोज या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें असा प्रश्न केला कीं, बाजारांत सर्व कांहीं विकत मिळत असतां पेढ्या व कारखाने निर्माण कां होतात? त्याचें उत्तर असें कीं, भाव शोधणें, घासाघीस करणें व करार करणें यांसही खर्च पडतो; तो जेथें फार, तेथें लोक बाजार सोडून दुसरी व्यवस्था करितात.

आपल्याच जिल्ह्यांत याचे दाखले आहेत. ऊस तोडल्यावर फार काळ ठेवतां येत नाहीं व दूरही नेतां येत नाहीं. म्हणून ऊसवाला व कारखाना एकमेकांस बांधलेले असतात. सहकारी कारखान्यांत तर ऊसवालाच सभासद असतो, आणि १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानें १४ दिवसांत पैसे देण्याचें बंधन घातलें आहे. बियाण्याच्या प्लॉटचें तसेंच. मूळ बियाणें देणारा व तयार माल घेणारा एकच असल्यामुळें तेथें करार पेरणीपूर्वींच व्हावा लागतो. कापूस मात्र कांहीं दिवस टिकतो व खरेदीदारही अनेक असतात. म्हणून त्यास खुला लिलाव मानवतो, पण तो लिलाव खरोखर खुला असला तरच.

पूर्वीं रुमालाखालीं बोटें दाबून सौदे होत. मालकास आपल्याच मालाचा भाव ठरतांना ऐकूं येत नसे. वऱ्हाडांत १८९७ सालीं व हैद्राबाद संस्थानांत १९३० सालीं बाजारांचे कायदे झाले ते असलेच दोष काढण्यासाठीं. महाराष्ट्रांतील बाजार समित्यांचा कायदा १९६३ चा आहे.

याहून निराळा प्रयोग म्हणजे कापूस एकाधिकार खरेदी. १९७१ च्या कायद्यान्वयें १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यांतील कापूस सरकारी योजनेंतच विकावा असें ठरलें. भाव आधीं कळूं लागला व दलालाचें भय गेलें, हा मोठा लाभ होता. परंतु बाहेर भाव चढला कीं कापूस सीमेपलीकडे जाई व उतरला कीं बाहेरचा आंत येई. तोटा सांचला, चुकारे रखडले. २००२ मध्यें ही मक्तेदारी संपली. ग्राहक एकच असला तर तो भला असूनही निभत नाहीं, हा त्यांतील धडा होय.

आतां आपल्या हातांत काय आहे? वेचणी दंव सुकल्यावर करावी. पहिली वेचणी व फरदड एकत्र करूं नये. सरकारी खरेदींत ८ टक्के ओलाव्यावर पूर्ण भाव असतो, १२ टक्क्यांपर्यंत कपात होते व त्यापुढें माल नाकारला जातो. म्हणून सुकवण्याची मेहनत फुकट जात नाहीं. हिशेबपट्टी लेखी घ्यावी. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे उचल व विक्री एकाच दारीं नसावीं. ज्यानें पेरणीस पैसे दिले त्यासच कापूस घालावा लागला, तर लिलाव नांवापुरताच उरतो. सोयाबीन, तूर, हरभरा यांस बाजार समित्यांची तारण कर्ज योजना आहे; मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजानें सहा महिन्यांपर्यंत मिळूं शकते. ती घेऊन पेरणीचें देणें भागविल्यास कापूस मोकळा राहतो.

शेवटीं एक सूचना. एकाच जातीचा स्वच्छ कापूस असलेले शेतकरी एकत्र आले, तर जिनिंगची मजुरी देऊन स्वतः रुई व सरकी विकूं शकतात. तेव्हां उतारा अंदाजाचा न राहतां डोळ्यांपुढें येतो. २००२ च्या कायद्यानें दहा उत्पादकांस कंपनी स्थापण्याची मुभाही दिली आहे. यांत भाव पडण्याचा धोका आपल्या माथीं येतो, हें विसरूं नये. म्हणून प्रारंभ थोड्या मालानें करावा. विश्वास बाजारांत विकत मिळत नाहीं. तो स्वच्छ मालानें, चोख हिशेबानें व एकमेकांच्या साक्षीनेंच जमवावा लागतो.