गाडी जागेवरच, तरी इंजिन झिजतंय: ट्रॅक्टरवरचं अवर मीटर नेमकं काय मोजतं?

हिंगोली जिल्ह्यात उन्हाळ्याच्या तोंडावर वसमत, औंढा, कळमनुरीच्या शिवारात हळदीची लगबग असते. शिजवून वाळवलेली हळद पॉलिशच्या ड्रममध्ये जाते. अनेक ठिकाणी हा ड्रम ट्रॅक्टरच्या पीटीओवर, म्हणजे मागे फिरणाऱ्या शाफ्टवर चालतो. सोयाबीनच्या मळणीलाही हाच प्रकार. ट्रॅक्टर दिवसभर एका जागी उभा, इंजिन मात्र जोरात सुरू.

अशा ट्रॅक्टरचं काम किलोमीटरमध्ये मोजलं तर उत्तर येईल शून्य. म्हणून ट्रॅक्टरवर तास मोजणारं अवर मीटर असतं. पहिली सर्व्हिसिंग साधारण 50 तासांनी आणि पुढे बऱ्याच मॉडेलमध्ये इंजिन ऑइल 250 तासांच्या आसपास बदलायचं, हा हिशोब याच मीटरवर चालतो. नेमका आकडा कंपनीच्या पुस्तिकेत दिलेला असतो.

पण मीटरवरचा एक तास म्हणजे दरवेळी घड्याळातला एक तास असतोच असं नाही.

मीटर तास मोजतं की फेरे?

जुन्या ट्रॅक्टरवरची बहुतेक मीटर यांत्रिक असतात. इंजिनकडून आलेली एक केबल मीटरमधले दाते फिरवते. म्हणजे हे मीटर खरं तर इंजिनचे फेरे मोजतं आणि ते तासांत दाखवतं.

समजा, एखादं मीटर मिनिटाला 1,500 फेऱ्यांवर बेतलेलं आहे. म्हणजे 90,000 फेरे झाले की मीटरवर 1 तास पुढे सरकतो. आता ट्रॅक्टर 750 फेऱ्यांवर नुसता घरघरत ठेवला, तर तासाभरात मीटर अर्धाच तास दाखवेल. उलट रोटाव्हेटरला 1,800 फेऱ्यांवर चालवला, तर घड्याळाच्या एका तासात मीटर 1.2 तास पुढे जाईल.

नव्या ट्रॅक्टरवरची इलेक्ट्रॉनिक मीटर सहसा इंजिन सुरू असल्याचा सिग्नल घेऊन सरळ वेळ मोजतात. हा सिग्नल अल्टरनेटरकडून किंवा ऑइल प्रेशरच्या स्विचकडून येऊ शकतो. काही साधी मीटर तर फक्त चावी 'ऑन' असली तरी पळतात, इंजिन बंद असलं तरीही.

शेवटचा आकडा कसा वाचायचा?

बऱ्याच मीटरवर शेवटचा आकडा वेगळ्या रंगात असतो. तो तासाचा दहावा भाग, म्हणजे 6 मिनिटं. 845.3 याचा अर्थ 845 तास 30 मिनिटं नाही, तर 845 तास 18 मिनिटं.

तासावर भाड्याने ट्रॅक्टर लावताना हे दोन्ही मुद्दे थेट पैशांशी येतात. वरच्या उदाहरणातला ट्रॅक्टर घड्याळाने 5 तास चालला, तर मीटर 6 तास दाखवेल. यात कुणी फसवलेलं नसतं, पण वाद हमखास होतो. म्हणून पैसे घड्याळाप्रमाणे द्यायचे की मीटरप्रमाणे, हे काम सुरू होण्याआधी ठरवलेलं बरं.

रुग्णवाहिका आणि अग्निशमन बंबाचं काय?

या गाड्या रस्त्यावर धावतात, पण त्यांचंही बरंच काम उभ्यानेच होतं. बंब आगीच्या ठिकाणी थांबतो आणि बऱ्याच बंबांमध्ये त्याच इंजिनवर पाण्याचा पंप चालतो. रुग्णवाहिकेचा एसी आणि आतली उपकरणं चालू ठेवायला इंजिन सुरू ठेवावं लागतं.

समजा, दोन रुग्णवाहिका प्रत्येकी 10,000 किलोमीटर धावल्या. एकीचं इंजिन 250 तास चाललं, दुसरीचं 500 तास. किलोमीटर पाहून दोघींची सर्व्हिसिंग एकाच दिवशी ठरेल, पण दुसरीचं ऑइल दुप्पट वेळ वापरलं गेलेलं असेल. अमेरिकेत फोर्ड कंपनी पोलीस गाड्यांसाठी 1 तास उभ्याने चाललेलं इंजिन साधारण 33 मैल, म्हणजे 53 किलोमीटर प्रवासाबरोबर धरते.

डॅशबोर्डवर अनेकदा फक्त किलोमीटर दिसतात. मात्र अनेक नव्या गाड्यांच्या इंजिन कंट्रोल युनिटमध्ये तासांची नोंद होते आणि ती सर्व्हिस सेंटरमधल्या स्कॅनरवर वाचता येते.

जुना ट्रॅक्टर घेताना काय पाहायचं?

यांत्रिक मीटरची केबल तुटली किंवा काढली, की आकडा थांबतो, ट्रॅक्टर मात्र चालतच राहतो. मीटर बदललं तर मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते. म्हणून आधी साधा भागाकार करा. पाच वर्षांच्या ट्रॅक्टरवर 600 तास म्हणजे वर्षाला 120, दिवसाला सरासरी 20 मिनिटं. ज्या घरी नांगरणी, पेरणी, मळणी आणि वर भाड्याची कामंही होतात, तिथे हा आकडा पटतो का?

मग इंजिन सुरू करून मीटर खरंच सरकतं का ते पाहा. क्लच आणि ब्रेकच्या पेडलवरचं झिजलेलं रबर, पीटीओ शाफ्टचे दाते, टायरची अवस्था मीटरच्या आकड्याशी जुळते का, ते तपासा. सर्व्हिस बुक मागा. त्यात प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळची तारीख आणि तास असतात, त्यामुळे आकडा मध्येच मागे गेला असेल तर लगेच कळतं.

स्वतःच्या ट्रॅक्टरचं मीटर बंद असेल, तर दुरुस्त होईपर्यंत रोजचे तास वहीत लिहून ठेवा. नाहीतर पुढचं ऑइल कधी बदलायचं, हे केवळ अंदाजाने ठरतं.