सीआरएम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे

ग्राहकसंबंध व्यवस्थापन, म्हणजे बाजारात ज्याला सगळे सीआरएम म्हणतात, ते एक सॉफ्टवेअर आहे असा पक्का समज आहे. त्याला कारणही आहे. १९९३ मध्ये सीबेल सिस्टिम्स निघाली, १९९९ मध्ये सेल्सफोर्स आली आणि सीआरएम ही वर्गणी भरून घ्यायची वस्तू झाली. पण नवा ग्राहक मिळवणं ही फक्त पहिली पायरी, पुढे त्याला टिकवायचं असतं, ही मांडणी अमेरिकी प्राध्यापक लिओनार्ड बेरी यांनी १९८३ मध्येच केली होती.

सॉफ्टवेअर नोंद सांभाळतं. नोंद कामाची होते ती लिहिणाऱ्यामुळे. वॉटर प्युरिफायरच्या डीलरकडे ‘ग्राहक नाराज, फॉलोअप करणे’ असं लिहिलेलं असेल तर त्याचा कुणालाच उपयोग नाही. ‘मेम्ब्रेन बदलला तरी धार बारीक. पंप तपासायचा राहिला. सहानंतरच घरी असतात’ हे वाचून नवा मेकॅनिकही पंप सोबत घेऊन, वेळेवर जातो. ग्राहकाला रडगाणं पहिल्यापासून गावं लागत नाही. माझ्या मते सीआरएमचं खरं काम एवढंच आहे, आणि बहुतेक ठिकाणी घोडं इथेच पेंड खातं. साहेब पाळत ठेवतात असं वाटलं की सेल्समन महिनाअखेरीला कसेबसे रकाने भरून मोकळे होतात.

हे मोठ्या कंपन्यांचं खूळ, असंही म्हणतात. तसं नाही. गिऱ्हाईक मोजकं असेल तर एक्सेलची फाइलही पुरते.

जुना ग्राहक म्हणजे हमखास नफा, हा समज जास्त महागात पडतो. वर्नर रायनार्ट्झ आणि व्ही. कुमार यांनी चार कंपन्यांचे ग्राहक काही वर्षं अभ्यासले. २००२ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की निष्ठा आणि नफा यांचा संबंध वाटतो त्याहून बराच कमजोर असतो. जुन्या ग्राहकाला आपली किंमत कळलेली असते. तो सवलत मागतो, जादा सेवा मागतो. म्हणून त्याला दूर लोटायचं नाही, पण कुणावर किती खर्च होतो याचा हिशेब मात्र ठेवायला हवा.

शेवटचा गैरसमज माहितीच्या हव्यासाचा. बिलासाठी मोबाइल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्ये दुकानदारांना बजावलं. त्याच वर्षीच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं सूत्र असं, की ज्या कामासाठी संमती घेतली, त्याच कामासाठी माहिती वापरायची. ग्राहक घरी कधी नसतो, ही नोंद भलत्याच्या हाती पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. म्हणून ती कोण पाहणार, किती दिवस ठेवायची आणि काम झाल्यावर पुसायची कुणी, हे पहिली नोंद करण्याआधीच ठरवावं लागतं.